हाळी बबिताची, गळा भिवराचा

भिवराबाईच्या गळ्यात अख्खा गंगाखेड तालुका राहायला होता. कुणालाही बोलवा, लगेच हजर. राणीसावरगावच्या बसमधला कंडक्टर म्हणा, की तो नाकातून सुरू : "चला, पुढं सरका, पुढं सरका, मागं काय हंडा पुरलाय का? ओ म्हातारबा, त्या शेळीचं तिकीट काढा, न्हाईतर तिला म्हणावं चालत ये!" बाजारातली बांगडीवाली म्हणा, तर ती गोड गोड : "घ्या ओ माय, तुमच्या हाताला काय शोभायलीय," आणि गिऱ्हाईक दोन पावलं पुढं गेलं की त्याच दमात, "हात हाय का बाभळीचं खोड!" ऐकणारे पोट धरून बसायचे. भिवराबाई स्वतः हसायची नाही. तोंड कोरं ठेवून पुढचा माणूस बाहेर काढायची.

त्यातला सगळ्यात गाजलेला माणूस म्हणजे दिनकरराव, गोदावरीकाठचे बागायतदार. दरवर्षी पौषात भिवराबाईचं धनगर कुटुंब मेंढरं घेऊन त्यांच्या मोकळ्या रानात उतरायचं. रानाला लेंडीखत, धनगराला ज्वारी, असा जुना रिवाज. दिनकरराव बोलण्याआधी तीनदा खाकरायचे, बोअरला पाणी लागताना पाइप खाकरतो तसे. भिवराबाई पदराचं उपरणं करून खांद्यावर टाकायची, पोट पुढं काढायची आणि, "ह्ख्, ह्ख्, ह्ख्! ऐका. रान माझं, मेंढरं तुमची, लेंड्या माझ्या. बाकी आपलं सगळं घरच्यासारखं!"

तिचा सासरा येडबा सत्तरीचा, कमी बोलणारा. तोही मिशीत हसायचा आणि वर म्हणायचा, "बस कर पोरी, मालक ऐकतील." 'बस कर' म्हणजे 'अजून एक होऊ दे', हे तिला बावीस वर्षांत पक्कं कळलेलं होतं.

पण तिची पहिली नकल हसवायची नव्हतीच. ती सासूची होती.

धनगराच्या घरची मेंढरं बोलवायची एक हाळी असते. चार घरांची मेंढरं एका पाणवठ्यावर मिसळू द्या, हाळी दिली की आपापली बाजूला निघून येतात. भिवरा पालमकडून नवरी होऊन आली ती बापाची हाळी घशात घेऊन. तिसऱ्या दिवशी मेंढरांच्या खांडापुढं, कळपापुढं, उभी राहून तिनं ती दिली, तर सासरची मेंढरं बुजून थेट बांधापार. सासू, तानुबाई, कमरेवर हात ठेवून बघत होती.

"ही हाळी बापाच्या दारात ठिवून यायची व्हती. ह्या घरात ह्या घरची चालती."

एवढंच बोलली. भिवरानं खालमानेनं ऐकलं आणि तानुबाईची हाळी उचलली. पोटातून, खर्जात : "हुर्र्र्याऽऽ हाव! हाव! हाऽऽव!" पंधरा दिवसांत अशी हुबेहूब, की तानुबाई चुलीपुढं भाकरी थापत असताना तिकडं रानात भिवराचा नवरा रामकिशन तिच्या पाठमोऱ्या अंगाला "आये, पाणी दे" म्हणून मोकळा झाला. त्यावर अख्खा तांडा चार दिवस हसला. सासूसुद्धा हसली. त्या हसण्याच्या दारातून भिवरा घरात शिरली, ती पुन्हा बाहेरची राहिली नाही. तानुबाई जाऊन सहा वर्षं झाली, खांडाला अजून पत्ता नव्हता.

मग आली बबिता.

धाकटा दीर रामप्रसाद, त्याची ही बायको मानवतकडची. तीन वर्षांमागं टेम्पोतून उतरली तेव्हा तिच्या मागून आंदणाच्या सात मेंढ्या उतरल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी बबितानं त्यांना हाक घातली. जिभेच्या शेंड्यावरून, बारीक, उंच : "तिर्र्र्र, तिर्र्र्र, येऽऽ गंऽऽ!" सात मेंढ्या टणाटण उड्या मारत तिच्या पायाशी.

भिवराबाई हातातलं काम टाकून सासऱ्याकडं बघत राहिली. आता बोलतील. बोललेच.

"बबिता, ह्या घरात ह्या घरची हाळी चालती, बरं का."

"व्हय मामा," बबिता म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा "तिर्र्र्र". येडबा पुन्हा बोलला. "व्हय मामा." तिसऱ्या दिवशी पुन्हा तिर्र्र्र, पुन्हा व्हय मामा. चौथ्या दिवशी येडबानं तंबाखू मळली आणि दुसरीकडं बघितलं. संपलं. कुणी आभाळ कोसळवलं नाही, कुणी बबिताची भाकरी तोडली नाही.

भिवराबाईच्या काळजात तिथंच ठिणगी पडली. मला एकदा सांगितलं आणि मी टाकली. हिला तीनदा सांगितलं आणि हिनं टाकली नाही. नुसतं 'व्हय मामा' म्हणून भागत होतं? हे मला कुणी का सांगितलं नाही? त्या दिवशी भांडी घासताना तिनं बापाची हाळी आठवून बघितली. घसा लावला, तोंड उघडलं आणि बाहेर आली ती तानुबाई. दोनदा, तीनदा, तानुबाईच. जर्मनचं पातेलं तिनं असं घासलं, की बूड जायचं राहिलं.

मग तिनं आपल्याजवळचं हत्यार काढलं. चार बायका बसल्या होत्या, त्यांच्यापुढं मान वर करून, टाचा उचलून, "तिर्र्र्र तिर्र्र्र! पळा ग बायांनो, टिटवी आलीय मानवतची!"

बायका लोळायच्या बाकी राहिल्या. बबिताही हसली. ओठ दाबून नव्हे, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "अक्का, लय भारी काढता तुमी! पुन्हा एकदा काढा की."

चिडवलेल्या माणसानं असं हसायचं नसतं. भिवराबाईला रात्री जेवण गेलं नाही.

पुढं ते वाढतच गेलं. आंदणाच्या सात मेंढ्यांना कोकरं झाली, ती आयांमागं तिर्र्र्रला जाणारच. पण त्यांच्या नादानं घरची कोकरंही जायला लागली. भिवराबाईनं स्वतःच्या हातानं, बाटलीनं दूध पाजून वाढवलेलं एक काळतोंडं कोकरू होतं. एका सकाळी तिच्या पायातून निसटून तेही गेलं.

"अवं, ते कोकरू हाय, त्याला काय कळतंय?" रामकिशन म्हणाला.

"तुमाला तरी कुठं कळत व्हतं?" भिवराबाई म्हणाली. "मला आये म्हणत व्हता."

यंदा दिनकररावांच्या रानात उतरले तेव्हा रामप्रसाद बरोबर नव्हता. कारखान्याचा हंगाम सुरू होता आणि तो उसाच्या ट्रॅक्टरवर गेला होता. म्हणून कामाची वाटणी झाली. मोठं खांड भिवराबाई-रामकिशनकडं, आणि कोकरंवाल्या मेंढ्या, तीसेक नगं, बबिताकडं. दिनकररावांची मुलगी निकिता गंगाखेडच्या कॉलेजात शिकायची. ती एक दिवस मोबाइल घेऊन रानात आली आणि थेट बबितापुढं उभी राहिली.

"काकू, एकदा हाक मारा ना त्यांना. कॅमेऱ्याकडे बघू नका, नॅचरल करा."

बबितानं हाळी दिली. तीस मेंढ्या धुरळा उडवत आल्या. निकितानं तो व्हिडिओ कुठं कुठं टाकला, आणि तिसऱ्या दिवशी कारखान्यावरून रामप्रसादचा फोन : "आवं वहिनी, हिकडं सगळे ड्रायव्हर बघायलेत! बबिताला द्या की जरा." द्या की जरा! फोन भिवराबाईचा, रिचार्ज भिवराबाईचा, आणि कान बबिताचा.

निकिता पुन्हा आली तेव्हा भिवराबाई पदर सावरून पुढं झाली. "पोरी, माझं बी घे की. मला पन्नास माणसं येतात."

"वॉव! कोणाकोणाची?"

भिवराबाईनं कंडक्टर काढला, बांगडीवाली काढली. निकिता खदखदून हसली, मोबाइल मात्र हातात खालीच. "काकू, कमाल आहात तुम्ही! पण हे तर बाकीच्यांचे आवाज ना. तुमची स्वतःची हाक कशी आहे?"

"हीच की," म्हणून भिवराबाईनं पोटातून हाळी दिली. "हुर्र्र्याऽऽ हाव! हाव!"

"ही तर आजीची ना, तानुआजीची?" निकिता म्हणाली. "लहानपणी ऐकलेली, म्हणून आठवते. सेम टू सेम!"

पोरगी चांगल्या मनानं बोलली होती. भिवराबाईला मात्र कुणी चारचौघांत पदर ओढल्यासारखं झालं. त्याच दुपारी ती उसाच्या कडेला गेली, आजूबाजूला कुणी नाही हे बघितलं आणि जीभ टाळूला लावून बारीक आवाजात म्हणाली, "तिर्र्र्र."

लोकांच्या नकला ती लोकांना ऐकू जाव्यात म्हणून करायची. ही कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून. टिटवीची थट्टा वेगळी आणि हे वेगळं. आता तिला हसू नको होतं, मेंढरू हवं होतं. चार दिवस उसाच्या पाचटात उभी राहून तिनं ती हाळी घोटली. पाचव्या दिवशी काळतोंडं कोकरू बबिताच्या खांडातून मान वर करून उसाकडं बघायला लागलं. भिवराबाईला गुळाचा खडा तोंडात टाकल्यासारखं झालं.

मग पुढचं झालं ते सकाळी दहाच्या सुमाराला. बबिता आपली तीस मेंढरं विहिरीच्या हौदावर न्यायला निघाली होती. वाट बांधावरून. बांधाच्या एका अंगाला दिनकररावांचा हरभरा, घाटे भरलेला, हिरवागार, आणि हरभऱ्याच्या पलीकडं ऊस. मेंढरं बबिताच्या मागं एका रांगेत चालली होती, हरभऱ्याला तोंड न लावता. ती पुढून हाळी देत होती आणि मेंढरं जात होती. इतकं साधं, की बघणाऱ्याला वाटावं ह्यात काय आहे.

उसात उभ्या भिवराबाईला ते बघवलं नाही. एकदाच, ती मनाशी म्हणाली. नुसती मान वळतीय का बघू.

"तिर्र्र्र, तिर्र्र्र, येऽऽ गंऽऽ!"

मेंढरं थबकली. पुढं बबिता, बाजूला उसातही बबिता. पुढची सात आंदणाची मेंढरं वळली, त्यांच्या मागं बाकीची, आणि सगळी आडवी हरभऱ्यात घुसली. बबिता दचकली, जिवाच्या आकांतानं हाळी द्यायला लागली. आता तिकडूनही तीच, इकडूनही तीच. मेंढरांनी मधल्या मध्ये मुक्काम केला आणि घाट्यांना तोंड लावलं.

भिवराबाईनं तोंडावर हात दाबला तेव्हा उशीर झाला होता. दिनकररावांची मोटारसायकल बांधावर उभी होती.

"ह्ख्! ह्ख्!" तिसऱ्यांदा खाकरायलाही त्यांना दम निघाला नाही. "येडबा! ओ येडबा! हे काय चाललंय? वीस वर्षांत पानाला धक्का लागला नव्हता! उद्या सकाळी रान मोकळं पाहिजे मला, सांगून ठेवतो!"

सगळ्यांनी धावून मेंढरं बाहेर काढली. हिरवा हरभरा मेंढीला बाधतो. एक आंदणाची मेंढी दुपारपर्यंत ढोलासारखी फुगली. बबितानं तिला गोडेतेल पाजलं आणि मांडीवर डोकं घेऊन पोट चोळत बसली. येडबा काठी टेकवत आला.

"बबिता, आजपासून ती हाळी बंद. तुझ्या हाळीला तुझीच मेंढरं ऐकंनात, तर ती कशाला पाहिजे? भिवरा, तू शिकव हिला. तानुबाईची."

या वेळी बबिता 'व्हय मामा' म्हणाली नाही. मेंढीकडं बघत राहिली. मग तिनं मान वर करून भिवराबाईकडं बघितलं, आणि पुन्हा खाली घातली.

जिंकले, भिवराबाईला वाटलं. तीन वर्षं ह्याचीच वाट बघत होते ना?

"पोटातून काढ," ती म्हणाली. "हुर्र्र्याऽऽ हाव."

"हुर्र्या हाव," बबिता म्हणाली. पडसं झालेल्या कोंबड्यासारखं. एरवी भिवराबाईनं ह्यावर महिनाभर करमणूक केली असती.

"खाली घे अजून. मान खाली घाल, म्हणजे जमतंय."

बबितानं मान खाली घातली. पाचव्या-सहाव्या खेपेला जमायला लागलं. खर्ज आला, तो शेवटचा 'हाव' तानुबाईसारखा तुटायला लागला. भिवराबाई ऐकत राहिली. घरात आता दोन तानुबाया होणार होत्या. तिच्याजवळ बावीस वर्षं जी एकच गोष्ट होती, ती 'डिट्टो सासू' म्हणवून घेण्याची, तीही आता अर्धी वाटून जाणार. आणि जिच्यावर जळावं ती तिर्र्र्रवाली बाई बबिताच्या गळ्यातून हळूहळू उठून चालली होती. तिला थांब म्हणावं की जा म्हणावं, भिवराबाईला कळेना. नुसता जीव जळत होता, आणि आता कुणावर तेही कळेना.

"पुरे आज," ती म्हणाली. "मेंढी बघ तुझी."

मेंढी वाचली. सकाळी सामान घोड्यावर लादून झालं. दिनकरराव बांधावर उभे, शेजारी निकिता. येडबा काठी घेऊन पुढं आणि दोन्ही खांडं एकत्र केलेली.

"बबिता, दे हाळी," येडबा म्हणाला. "कालची शिकलेली."

बबितानं मान खाली घातली. तोंड उघडलं.

"थांब," भिवराबाई म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडं बघितलं. रामकिशनच्या चेहऱ्यावर हसू यायलाच लागलं होतं. त्याला वाटलं, जाता जाता बायको कुणाचीतरी नकल करून वातावरण हलकं करणार. भिवराबाईनं टाचा उचलल्या, जीभ टाळूला लावली.

"तिर्र्र्र, तिर्र्र्र, येऽऽ गंऽऽ!"

रामकिशन हसला. निकिताही हसली. येडबाच्या मिशीत काहीतरी हललं. तोवर खांडातून सात मेंढ्या निघाल्या होत्या. मग कोकरं, मग तीसच्या तीस. ती बबिताच्या अंगावरून, तिच्याकडं न बघता, भिवराबाईच्या पायाशी येऊन उभी राहिली. आधी निकिताचं हसू थांबलं, मग रामकिशनचं. येडबाची काठी जमिनीत रुतून बसली.

"काल उसात मी व्हते," भिवराबाई म्हणाली. पहिल्यांदाच ती कुणाच्याही आवाजात बोलत नव्हती, आणि तो आवाज तिला स्वतःलाच फुटक्या मडक्यासारखा वाटला. "मामा, तिची मेंढरं तिचं ऐकत व्हती. मला बघवलं न्हाई."

 मग दिनकरराव खाकरले, एकदा, दोनदा, तीनदा. "ऐका. हिला आणखी कोणाकोणाचे आवाज जमतात?"

सगळे जमिनीकडं बघायला लागले. निकितानं ओढणी तोंडात धरली.

"तरीही रान मोकळं करा," दिनकरराव म्हणाले आणि मोटारसायकलला किक मारली.

येडबा सुनेकडं न बघता बोलला. "बावीस वर्षं तू पुढं चाललीस. आजपासून पुढं बबिता चालंल, तिच्याच हाळीनं. तू मागं. मागं पडलेली कोकरं गोळा करत ये."

भिवराबाईनं मान हलवली. ती मागं वळली तेव्हा बबिता शेजारी येऊन उभी होती. भिवराबाईला वाटलं, आता रडेल, नाहीतर पाया पडेल, नाहीतर एक थोबाडीत देईल. काहीही चाललं असतं.

"अक्का," बबिता हळू आवाजात म्हणाली, "शेवटचा 'गं' तुमी खाली टाकता. मी वर सोडते."

"आँ?"

"मेंढरांना न्हाई कळत. मला कालच कळलं व्हतं."

"मग बोलली कामून न्हाईस? एवढं रामायण झालं!"

"माझं कोण ऐकलं असतं? तुमी थोरल्या. अन् तुमी काढलेला आवाज सगळ्यांना खरा वाटतो." बबितानं पदर कमरेला खोचला. "बगा, असा."

आणि पुढं जाऊन तिनं हाळी दिली. तो 'गं' खरंच वर गेला. उसाच्या शेंड्यावरून पलीकडं, नदीकडं कुठंतरी. भिवराबाईच्या पायाशी घुटमळणारी तीस मेंढरं भिर्रकन वळली आणि गेली, काळतोंडं सगळ्यात पुढं.

बावीस वर्षांत भिवराबाईच्या नकलेत कोणी चूक काढली नव्हती. कंडक्टरनं नाही, बांगडीवालीनं नाही, सासूनं मरेपर्यंत नाही. ती खांडाच्या मागून, धुरळा खात चालायला लागली. गंगाखेडच्या रस्त्याला लागेपर्यंत ती ओठातल्या ओठात तो 'गं' वर सोडून बघत होती. खालीच पडत होता. पुन्हा सोडला, पुन्हा खाली. मागं राहिलेलं एक कोकरू उचलून काखेत मारत ती पुटपुटली, "हिच्या मानवतला पाणीच वेगळं दिसायलंय, मेलीचं," आणि रागानं पावलं उचलली.